रेंज गेली, पण का गेली? फेब्रुवारी २०२४ मधले पाच दिवस

रेंज गेली आणि तासाभराने परत आली, की आपल्या जालन्यातल्या ग्रुपवर कोणते मेसेज धडाधड येतात ते तुम्हालाही पाठ असतील. एक जण म्हणतो, सूर्यावर स्फोट झाला. दुसरा म्हणतो, चीनने हॅक केलं. तिसरा सांगतो, कंपनीवाले मुद्दाम करतात, रिचार्ज वाढवायचाय. आणि चौथा, जो बहुतेक वेळा बरोबर निघतो, तो म्हणतो, "अरे, रोडचं काम चालूय, जेसीबीने वायर तोडली असंल."

या चौघांपैकी कोण कधी बरोबर असतो, याचा इतिहास आहे. तो सांगायला मी २०२४ च्या फेब्रुवारीतले पाच दिवस घेतलेत. २२ तारीख, २४ तारीख आणि २६ तारीख. पहिलं अमेरिकेत घडलं, दुसरं तांबड्या समुद्रात आणि तिसरं आपल्या घरात.

गुरुवार, २२ फेब्रुवारी. अमेरिकेतली एटी अँड टी ही तिथली फार मोठी मोबाइल कंपनी. त्या दिवशी पहाटे तिचं नेटवर्क देशभर झोपलं. साडेबारा कोटी उपकरणं बंद पडली, ९ कोटी २० लाखांहून जास्त कॉल लागलेच नाहीत. त्यात ९११ ला, म्हणजे आपल्याकडच्या ११२ सारख्या नंबरला केलेले पंचवीस हजारांवर कॉल होते. कुणाच्या घरी हार्ट अटॅक, कुठे अपघात, आणि फोन लागत नाही. पूर्ववत व्हायला किमान बारा तास लागले.

तिकडचे ग्रुपसुद्धा आपल्यासारखेच निघाले. आदल्या रात्रीपासून सूर्यावर दोन मोठे भडके उडाले होते, म्हणून निम्मे लोक सूर्यावर घसरले. बाकीचे चीनवर. सरकारने तपास लावला आणि बरोबर पाच महिन्यांनी, २२ जुलै २०२४ ला, तिथल्या दूरसंचार आयोगाचा अहवाल जाहीर झाला. कारण काय निघालं? कंपनीच्या माणसांनी रात्री नेटवर्कमध्ये एक बदल केला, त्यातल्या एका यंत्राची सेटिंग चुकीची होती, आणि ते काम दुसऱ्या कुणी तपासून घेतलेलं नव्हतं. चूक दिसताच यंत्रणेने स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्यांनाच बाहेर काढलं. ना सूर्य, ना चीन.

म्हणजे सूर्यवाला दरवेळी वेडाच असतो का? नाही. त्याचं म्हणणं दीडशे वर्षांपूर्वी खरं होतं आणि त्याचा पुरावा आपल्याच मुंबईत आहे. १ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावर प्रचंड भडका उडाला. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे आकडे एकदम खाली गेल्याची नोंद झाली. जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा जोर मोजायला आजही कुलाब्याची ती नोंद उघडतात. (पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून हे चुंबकाचं काम अलिबागला हलवलं. विजेच्या ट्रामने सुई हलते म्हणून अख्खी वेधशाळा हलवणारे लोक होते ते.) त्या वेळी अमेरिका-युरोपात तारायंत्रं बिघडली. काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवली तरी नुसत्या सूर्याच्या करंटवर तारा जात होत्या. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसला आणि मुंबई-एडन समुद्री तारेवर परिणाम झाला.

पण ती तार होती. शेकडो मैल लांब धातूची वायर, तिच्यात असा करंट उतरतो. आज टॉवरपासून टॉवरपर्यंत जाते ती काचेची फायबर, तिच्यातून प्रकाश धावतो. मे २०२४ मध्ये वीसेक वर्षांतलं सगळ्यात मोठं सौर वादळ आलं, लडाखमधल्या हानलेहून आकाश लाल झाल्याचे फोटो निघाले. अन् आपण ते फोटो मोबाइलवरच बघितले.

चीनवाल्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची लाइट गेली. लोकल जागेवर थांबल्या, ऑनलाइन परीक्षा अडल्या. साडेचार महिन्यांनी एका अमेरिकन संस्थेचा अहवाल आला की चिनी हॅकर भारताच्या वीज यंत्रणेत शिरायचा प्रयत्न करत होते. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल दाखवून घातपाताची शक्यता सांगितली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, ही मानवी चूक. एकाच घटनेची दोन सरकारांनी दोन कारणं सांगितली. यात ज्याला जे मानायचं होतं ते त्याने मानलं, आणि आजही मानतो.

शनिवार, २४ फेब्रुवारी. तांबड्या समुद्राच्या तळाशी आशिया आणि युरोपला जोडणाऱ्या इंटरनेट केबल तुटल्या. आधी सहा दिवस, १८ तारखेला, येमेनच्या हुथींनी 'रूबीमार' नावाच्या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र मारलं होतं. खलाशी नांगर टाकून जहाज सोडून गेले. जहाज वाहवत गेलं, नांगर तळावरून घासत गेला आणि त्यानेच केबल कापल्या असाव्यात, असं अमेरिकी अधिकाऱ्यांनी सांगितलं. २ मार्चला जहाज बुडालं. खतं वाहून नेणारं जहाज होतं, बरं का. त्याचा अन् इंटरनेटचा काही संबंध नव्हता.

आपल्याकडे त्याची झळ फारशी जाणवली नाही, कारण आता समुद्रात बरेच रस्ते आहेत. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या होत्या तेव्हा भारताची परदेशी इंटरनेट क्षमता निम्म्यावर आली होती. तेव्हा जालन्यात नेट म्हणजे सायबर कॅफे, त्यामुळे इथे फार कुणाला कळलंही नसेल.

समुद्रातला नांगर आणि आपल्या रोडवरचा जेसीबी यांचं काम एकच. रस्त्याचं कंत्राट एकाचं, पाइपलाइनचं दुसऱ्याचं, फायबर तिसऱ्याची, आणि कुणाची वायर कुठून गेली हे खोदणाऱ्याला माहीतच नसतं. देशात अशा खोदकामाने वर्षाला सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटते आणि तीन हजार कोटींचं नुकसान होतं, हा केंद्र सरकारचाच आकडा. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलं. खोदायच्या आधी कळवा, असा त्याचा अर्थ. तुमच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत खोदकाम करणाऱ्या एकाने तरी ते उघडलेलं पाहिलं असेल तर मला सांगा.

खेड्यात याच्याही आधीचं एक कारण असतं: लाइट. टॉवरला लाइट लागते, ती गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेलचा जनरेटर, आणि डिझेल टाकायला कुणी आलं नाही की रेंज गेली. मंठा, जाफराबादच्या वाडीवस्तीवर वादळात तारा पडल्या की पहिले काही तास फोन चालतो आणि नंतर काड्या एकेक करून गळतात, ते यामुळे.

आणि तिसऱ्याचं, कंपनीला दोष देणाऱ्याचं म्हणणंही कधीकधी खरं झालंय. २०१७ च्या डिसेंबरात रिलायन्स कम्युनिकेशन्सने कॉलिंगची सेवा गुंडाळली. जानेवारी २०१८ च्या शेवटी एअरसेलने महाराष्ट्रासह सहा सर्कलमधून गाशा गुंडाळला. कर्ज डोक्यावर, स्पर्धेत दम संपला. लोक नंबर पोर्ट करायला दुकानांसमोर रांगेत.

आता सोमवार, २६ फेब्रुवारी. हे पाच दिवस मी निवडले ते यासाठीच.

अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला, तिथून पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, मी परत सांगत नाही. १० फेब्रुवारी २०२४ पासून मनोज जरांगे पाटील पुन्हा उपोषणाला बसले होते. २५ ला त्यांनी थेट मुंबईला, सागर बंगल्यावर जायची घोषणा केली आणि निघाले, रात्री भांबेरीत थांबले. त्याच रात्री अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. सकाळी तीर्थपुरीत एसटी जाळली गेली, जिल्ह्यातल्या बस थांबल्या. आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत सुमारे दहा तासांसाठी इंटरनेट बंद केलं गेलं. जरांगे पाटील अंतरवालीत परतले आणि त्यांनी उपोषण सोडलं.

त्या दिवशी फोनवर काड्या पूर्ण होत्या. कॉल लागत होता, नेट तेवढं मेलेलं. मी बातमी ऑफिसला फोनवर शब्द न शब्द सांगून लिहून दिली, आमच्या आधीची पिढी ट्रंक कॉलवर द्यायची तशी. चहावाल्याने क्यूआरचा स्टँड उलटा करून ठेवला होता. मोंढ्यात तुरीचे दिवस. आणि दिवसभर माझा फोन वाजत राहिला: "भाऊ, खरं काय चाललंय?" नेट बंद केल्याने अफवा थांबल्या असं मला त्या दिवशी तरी दिसलं नाही. त्या व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉलवर आल्या एवढंच.

आता दुसरी बाजूही बघू. चारच महिने आधी, ३० ऑक्टोबर २०२३ ला, बीड जिल्ह्यात आमदारांची घरं पेटवली होती. अधिकाऱ्याच्या डोळ्यासमोर ते असतं. जाळपोळीचा व्हिडिओ गावोगाव फिरू लागला की पुढचं गाव पेटायला वेळ लागत नाही, ही भीती खोटी नाही. मी सरसकट "नेट कधीच बंद करू नका" म्हणणाऱ्यांतला नाही. पण मला कारण पाहिजे, लिहून, सहीनिशी.

आणि हे मागायला कायदा आपल्या बाजूने आहे. थोडा जुना धागा धरू. १८८५ चा टेलिग्राफ कायदा इंग्रजांनी तारेसाठी केला होता: सार्वजनिक आणीबाणीत सरकारला तार अडवता येईल. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, कायदा मात्र जिवंत राहिला. सुरुवातीला जिल्हाधिकारी जमावबंदीचं कलम १४४ वापरून नेट बंद करायचे. २०१५ मध्ये गुजरातेत पाटीदार आंदोलनात तसं झालं आणि तिथल्या हायकोर्टाने ते चालवून घेतलं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने त्या १८८५ च्या कायद्याखाली नियम केले. त्यानुसार हा अधिकार राज्यात गृहसचिवांचा. अगदीच अडचण असेल तर सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याचा, आणि त्यालाही चोवीस तासांत वरून मंजुरी लागते. आदेशात कारणं लागतात. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाच कामकाजी दिवसांत तो आदेश तपासायचा. म्हणजे "कलेक्टरने नेट बंद केलं" हे आपण म्हणतो ते कागदावर तरी बरोबर नाही.

१० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने काश्मीरच्या प्रकरणात, अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर, स्पष्ट सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याला कोर्टात जाता येईल. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत ठरली, एका आदेशाला जास्तीत जास्त पंधरा दिवस. पुढे दूरसंचार कायदा २०२३ आला आणि २२ नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांत आदेश कारणांसह, भाग आणि वेळ सांगून प्रसिद्ध करायचं लेखी बंधन आलं.

कोल्हापूर, जून २०२३. सातारा, पुसेसावळीच्या वेळी, सप्टेंबर २०२३. बीड, ऑक्टोबर २०२३. मग आपण. या चार वेळांपैकी एका तरी आदेशाची प्रत तुम्ही डोळ्याने पाहिलीय का? नेट गेल्यावर आपल्याला कळतं ते टीव्हीवरच्या पट्टीतून, नाहीतर कंपनीच्या मेसेजमधून. शशी थरूर अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीने डिसेंबर २०२१ मध्येच म्हटलं होतं की देशात कुठे, किती वेळा नेट बंद झालं याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह खातं. बंद केल्याने उपयोग झाला का, याचाही अभ्यास नाही.

तिकडे यंत्राची सेटिंग चुकली तर किती कॉल अडले ते मोजून पाच महिन्यांत अहवाल आला. इकडे ठरवून बंद केलेल्याचा केंद्राकडे साधा हिशोबही नाही. त्या सोमवारी आपल्या तीन जिल्ह्यांत किती पेमेंट अडली, किती ऑनलाइन अर्ज राहिले, दवाखान्याचं कोणाचं काय खोळंबलं, हे कोण सांगणार?

म्हणून एक विनंती. २६ फेब्रुवारी २०२४ ला तुमचं काय अडलं होतं ते खाली लिहा. तालुका, गाव, साधारण वेळ. मोंढ्यातलं पेमेंट, कॉलेजचा फॉर्म, सीएससी सेंटरवरचं काम, काहीही. राजकारण नको, आरक्षणावरची भांडणं दुसऱ्या पोस्टवर करा. मी तालुक्याप्रमाणे वहीत उतरवतोय. अंबड, घनसावंगीवाल्यांनी आधी लिहा, अंबड तालुक्यात त्या दिवशी संचारबंदीही होती. आणि त्या दिवशीच्या आदेशाची प्रत कुणाकडे असेल तर फोटो पाठवा. माहिती अधिकारात अर्ज करणाराय, गृह विभागाकडे. कलेक्टर ऑफिसला टाकून महिनाभर वाट बघण्यात अर्थ नाही. उत्तर आलं की इथेच टाकतो.