गोरेगावातून मतदारसंघाकडे पाहताना

2004 च्या विधानसभा निकालांच्या यादीत ‘गोरेगाव’ दोनदा भेटते. एक मुंबईचे उपनगर; तिथून सुभाष देसाई निवडून आले. दुसरे गोंदिया जिल्ह्यातले, धानाच्या बांध्यांनी वेढलेले. तिथून भाजपचे हेमंत पटले आमदार झाले. 2009 च्या यादीत गोरेगाव एकदाच येते, मुंबईचे. आपले गोरेगाव जागच्या जागी आहे, तालुक्याचे ठिकाण आहे, मतदारही तेच. मग ते यादीतून गेले कुठे? मतदारसंघांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या प्रत्येकाचे या प्रश्नाच्या दारातूनच स्वागत करावेसे वाटते.

उत्तर पुनर्रचनेत सापडते. 2001 च्या जनगणनेच्या आधारे 2008 मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि गोरेगाव नावाचा मतदारसंघ संपला. तालुक्याचा मोठा भाग तिरोड्याला जोडला गेला. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला तिरोडा खुला झाला, तर अर्जुनी-मोरगाव राखीव ठरला. तिरोड्यातून 2009 मध्ये डॉ. खुशाल बोपचे आणि 2014 पासून सलग तीनदा विजय रहांगडाले निवडून आले. पटले, बोपचे, रहांगडाले ही तिन्ही आडनावे पोवार समाजातली. या भागातला जातीचा, शेतीचा आणि सत्तेचा संबंध समजून घ्यायला एवढा धागा पुरेसा आहे. मात्र तो गावोगाव फिरून तपासावा लागतो.

रेषा याआधीही हलल्या होत्या. या भागातल्या माणसाने 1952 मध्ये मत दिले ते मध्यप्रदेशाच्या विधानसभेसाठी. तेव्हा राजधानी नागपूर होती. 1957 मध्ये त्याचा आमदार द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत बसला, तर 1962 मध्ये महाराष्ट्राच्या. गाव न सोडता त्याने दहा वर्षांत तीन राज्यांची विधिमंडळे घडवली. पुढे 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला दोन मते असत, हेही जुने निकाल वाचताना ध्यानात ठेवावे लागते. 1954 च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले, ती जागा अशाच दुहेरी मतदारसंघातली होती. 1961 मध्ये ही पद्धत बंद झाली.

म्हणून नव्या अभ्यासकाला एकच सांगणे आहे: आमदारांच्या यादीशेजारी त्या त्या वर्षाचा नकाशा ठेवा. नाव बदलले तर माणसे बदलली की सीमा, हे आधी पाहा. मग विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत काढा. धान खरेदी, बोनस, मालगुजारी तलावांची दुरुस्ती यांवर कोणी तारांकित प्रश्न विचारला आणि उत्तर काय मिळाले, ते नोंदवा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे वृत्तांत विशेष बारकाईने वाचा. तेव्हा इकडचा धान नुकताच कापून झालेला असतो आणि भावाचा प्रश्न घराघरांत असतो.

यानंतर गावात जा. पारावरचा म्हातारा आमदाराचे साल सांगणार नाही. ‘हा रस्ता अमक्याच्या काळातला’ असे सांगेल. त्या रस्त्याचे वर्ष शोधा आणि यादीशी ताडून पाहा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे थांबा. तुमचे पहिले प्रकरण तिथेच सुरू होते.