फिनूकन कुटुंबाचा पस्तीस वर्षांचा लढा

लोकमान्यांनी १९१६ साली बेळगाव येथे होमरूल लीग स्थापिली, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्द आपण आयर्लंडकडून घेतला होता. पुढे १९२१ मध्ये त्या देशाची फाळणी झाली व उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथे कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यातील वैराने १९६८ नंतरच्या तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसांचा बळी घेतला.

पॅट फिनूकन हे बेलफास्टचे कॅथलिक वकील. तुरुंगात उपोषण करून मरण पावलेल्या बॉबी सँड्सचे वकीलपत्र त्यांनी घेतले होते. तथापि त्यांच्या अशिलांत प्रॉटेस्टंटही होते. १९८९ च्या जानेवारीत डग्लस हॉग या मंत्र्याने पार्लमेंटात उद्गार काढले की, काही वकील दहशतवाद्यांविषयी अवाजवी सहानुभूती बाळगतात. (वकील आणि अशील यांना एकाच मापाने मोजण्याची खोड आपल्याकडेही अपरिचित नाही!) त्यानंतर चार आठवडे उलटण्यापूर्वीच, १२ फेब्रुवारीस रविवारी, सहकुटुंब भोजन चालले असता प्रॉटेस्टंट बंदूकधारी घरात शिरले. पत्नी जेराल्डिन व तिन्ही मुले यांच्यादेखत फिनूकन यांच्यावर चौदा गोळ्या झाडण्यात आल्या. जेराल्डिनबाईही जखमी झाल्या.

केन बॅरेट नामक मारेकऱ्याने २००४ साली गुन्हा कबूल केला. शांतता करारातील तरतुदीनुसार तो २००६ साली सुटलाही. परंतु बाईंचा प्रश्न गोळी झाडणाऱ्यापुरता नव्हताच. त्याच्या पाठीशी कोण होते, हा होता. पोलीस व लष्कर यांचे हस्तक मारेकऱ्यांच्या संघटनेत होते, आणि हत्येत सरकारी यंत्रणेतील माणसांचे संगनमत होते, असे पोलीस अधिकारी स्टीव्हन्स यांनी २००३ मध्येच नमूद केले. कॅनडाचे न्यायमूर्ती कोरी यांनी जाहीर चौकशीची शिफारस केली. ती झाली नाही. २०११ साली पंतप्रधान कॅमेरन यांनी कुटुंबास घरी बोलावून क्षमा मागितली, मात्र चौकशी नाकारली. केवळ कागदपत्रांचे परीक्षण करविले. ज्या परीक्षणात साक्षीदारास उलट प्रश्न विचारता येत नाही, ते बाईंनी मानले नाही, व माझ्या मते ते योग्यच होय. क्षमायाचना ही चौकशीच्या जागी कशी चालावी?

२०१९ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आजवरचा तपास अपुरा ठरविला. तरीही ११ सप्टेंबर २०२४ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी सरकारने जाहीर चौकशी मान्य केली. पित्याच्या हत्येसमयी आठ वर्षांचा असलेला धाकटा पुत्र जॉन तोवर स्वतः वकील होऊन पार्लमेंटवर निवडून आला होता.