बराकपूर : हुकूम आणि विश्वास

कलकत्त्याच्या, म्हणजे आजच्या कोलकात्याच्या, उत्तरेस हुगळीच्या काठाने सुमारे २४ किलोमीटर गेले म्हणजे बराकपूर लागते. कंपनी सरकारच्या काळी येथे गव्हर्नर जनरलचा उन्हाळी वाडा होता, त्याच्या भोवती विस्तीर्ण बाग होती, आणि पलीकडे देशी पलटणींच्या बराकींच्या रांगा होत्या. राज्यकर्ता आणि त्याचा शिपाई इतक्या निकट राहत असूनही एकमेकांपासून किती दूर असू शकतात, हे या एका गावाने दोनदा दाखविले. पहिल्याने १८२४ मध्ये आणि त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १८५७ मध्ये.

नेतृत्व आणि लोकसंपर्क हे विषय आज विद्यापीठांतून स्वतंत्रपणे शिकविले जातात. वरिष्ठाने आपला हेतू कनिष्ठांपर्यंत कसा पोचवावा, शंका कशा फेडाव्यात, अफवेला उत्तर कसे द्यावे, यांवर प्रबंध लिहिले जातात. या विद्येचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. परंतु तिच्या मर्यादा कोठे आहेत, हे समजून घ्यावयाचे असेल, तर बराकपूरच्या संचलनाच्या मैदानाइतके बोलके स्थळ क्वचितच सापडेल. त्या मैदानावर एका सेनापतीने शिपायांचे म्हणणे ऐकण्याचे नाकारले. दुसऱ्याने त्यांच्याच भाषेत, कळकळीने त्यांची समजूत घातली. पहिल्याच्या हातून कत्तल झाली, हे समजण्याजोगे आहे. दुसराही अयशस्वी का व्हावा, हा खरा प्रश्न आहे.

१८२४ साली ब्रह्मदेशाशी पहिले युद्ध सुरू झाले. बंगाल लष्कराची ४७ वी पलटण मथुरेहून लांबची मजल मारून बराकपुरास आली होती. तिला तेथून चितगावकडे कूच करण्याचा हुकूम झाला. त्या काळी शिपायाला आपली भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण वाहून नेण्यासाठी स्वतःच्या खर्चाने बैल करावा लागे. युद्धाच्या सामानासाठी सरकारने बैल आधीच गोळा केल्यामुळे ते मिळेनात, आणि मिळाले तरी त्यांचे भाडे परवडेना. उच्चवर्णीय शिपायाला दुसऱ्याच्या भांड्यात शिजवून खाता येत नव्हते. त्यामुळे बैलाचा प्रश्न हा त्याच्या दृष्टीने जेवणाचा आणि धर्माचाही प्रश्न होता. त्यातच आपल्याला जहाजावर चढवून समुद्रपार नेणार, अशी बोलवा उठली. पलटणीचा प्रमुख कर्नल कार्टराइट याने स्वतःच्या पैशाने काही मदत देऊ केली. पण ती अपुरी होती, आणि येण्यास उशीरही झाला होता.

१ नोव्हेंबर रोजी शिपायांनी कूच करण्याचे नाकारले आणि अर्ज लिहून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट दोन गोऱ्या पलटणी आणि तोफा घेऊन बराकपुरात दाखल झाला. शस्त्रे खाली ठेवल्यावाचून कोणाचेही म्हणणे ऐकले जाणार नाही, एवढेच त्याचे उत्तर होते. विचार करावयास काही मिनिटे दिली गेली, आणि ती संपताच तोफा सुरू झाल्या. शिपाई हुगळीकडे पळाले. कित्येक मारले गेले, कित्येक नदीत बुडाले. मैदानावर पडलेल्या त्यांच्या बंदुका पाहिल्या, तेव्हा त्या भरलेल्या नव्हत्या असे आढळून आले. म्हणजे ज्यांना बंडखोर समजून तोफेच्या तोंडी दिले, ते लढावयास उभेच नव्हते. ते आपल्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहत होते. त्यानंतर अनेकांना फाशी दिले गेले. त्यांच्यातील बिंदी तिवारी याचे प्रेत साखळदंडांत टांगून ठेवले गेले. ४७ व्या पलटणीचा क्रमांक लष्कराच्या यादीतून खोडून टाकण्यात आला.

यादीतून क्रमांक खोडता येतो, स्मृती खोडता येत नाही. ज्या तिवारीचे प्रेत दहशतीसाठी टांगले, त्याला लोकांनी पूज्य मानले. त्याच्या नावाचे लहानसे देऊळ बराकपुरात आहे. हुकमाच्या भाषेतून सरकारला एक सांगावयाचे होते. लोकांनी त्यातून दुसरेच ऐकले.

आता १८५७ कडे वळू. जानेवारी महिन्यात बराकपुराजवळच्या दमदम येथे एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार देताच खलाशी म्हणाला की, नव्या काडतुसांना गाई-डुकरांची चरबी लावलेली आहे. ती दातांनी तोडलीत म्हणजे जात कोठे राहील? हा संवाद शिपायांत पसरला, आणि काही दिवसांतच तो अधिकाऱ्यांच्याही कानी आला. बराकपूर विभागाचा प्रमुख मेजर जनरल जॉन हिअर्सी याने तो तत्काळ सरकारला कळविला, आणि शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण बाजारातून आणू द्यावे अशी शिफारस केली. सरकारनेही ती थोड्या दिवसांत मान्य केली. कागदोपत्री पाहता, इतक्या त्वरेने झालेली कार्यवाही विरळाच.

परंतु कागदाचाच दुसरा एक इतिहास आहे, आणि शासनाच्या दप्तरात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना तो अधिक बोचेल. अशी काडतुसे १८५३ मध्ये चाचणीसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगाल लष्कराचा अ‍ॅड्ज्युटंट जनरल कर्नल टकर याने मिलिटरी बोर्डाला लेखी इशारा दिला होता. वंगण जातिधर्माला बाधक नाही अशी खात्री झाल्यावाचून ही काडतुसे देशी शिपायांना देऊ नयेत, असे त्याने कळविले होते. ते पत्र त्या दप्तरातच राहिले. १८५७ च्या जानेवारीत चौकशी झाली, तेव्हा चरबी कोणत्या जनावराची असावी, याची कोणतीही खबरदारी घेतलेली नाही, असे उघड झाले. अर्थात खलाशाचे बोलणे निव्वळ अफवा म्हणून झटकून टाकण्याची नैतिक शक्ती सरकारजवळ उरली नव्हती.

हिअर्सी हा पॅजेटच्या जातीचा अधिकारी नव्हता. त्याचे जवळजवळ सारे आयुष्य हिंदुस्थानात गेले होते. १८१७ मध्ये नागपूरजवळच्या सीताबर्डीच्या लढाईत तो तरुण घोडदळ अधिकारी म्हणून लढला होता. हिंदुस्थानी भाषा त्याला सहज बोलता येई. ९ फेब्रुवारी रोजी त्याने सर्व पलटणी मैदानावर गोळा केल्या आणि मोठ्या आवाजात, दुभाष्याशिवाय, भाषण केले. कोणालाही बळाने ख्रिस्ती करण्याचा सरकारचा विचार नाही, हे त्याने नाना प्रकारे समजावून सांगितले. १७ मार्चला तो पुन्हा बोलला. काडतुसांचा कागद तुकतुकीत दिसतो म्हणून शिपाई त्यावरही संशय घेत होते. त्याचीही उकल त्याने केली. आपण सुरुंगावर बसलो आहोत, असे त्याने सरकारला लिहून ठेवले होते. परिस्थितीचे इतके यथार्थ आकलन आणि इतके स्पष्ट निवेदन एकाच व्यक्तीच्या ठायी असूनही, भाषणाचा परिणाम थोडे दिवस टिकला आणि विरून गेला.

याचे पहिले कारण असे की, हिअर्सी जे बोलत होता त्याच्या नेमके उलट त्याच मैदानावर घडत होते. ३४ व्या पलटणीचा प्रमुख कर्नल व्हीलर हा वर्षानुवर्षे ख्रिस्ती धर्माचा उपदेश करीत आला होता, आणि शिपायांनाही तो उपदेश केल्याचे त्याने पुढे स्वतःच लेखी मान्य केले. सेनापती म्हणतो, धर्माला भय नाही. आणि पलटणीचा साहेब धर्मांतराचा उपदेश करतो. शिपायाने कोणाचे खरे मानावे ? जो रोज दिसतो, त्याचेच तो मानणार.

दुसरे कारण सवलतींचे. वंगण तुम्हीच लावा, असे प्रथम सांगितले. काडतूस दातांऐवजी हातांनी तोडण्याची कवायत मागाहून आली. प्रत्येक सवलत न्याय्यच होती. परंतु विश्वास उडाल्यानंतर दिलेली सवलत ही कबुलीजबाबासारखी वाटते. दोष नव्हता, तर बदल का केला, हा प्रश्न साध्या माणसाच्या मनात येणारच.

तिसरे कारण अधिक खोल आहे. १८५६ च्या फेब्रुवारीत अयोध्येचे राज्य खालसा झाले होते. बंगाल लष्करातील पुष्कळ शिपाई त्याच प्रदेशातले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये, नव्या भरतीच्या शिपायाने समुद्रपारही चाकरी केली पाहिजे, असा कायदा झाला. ज्या समुद्राच्या भयाने १८२४ चे शिपाई अडून बसले होते, तेच भय आता कायद्याच्या कलमात उतरले. हिअर्सीचे भाषण काडतुसांविषयी होते. शिपायांची शंका राज्याविषयी होती.

दरम्यान २६ फेब्रुवारीस बहरामपूर येथे १९ व्या पलटणीने काडतुसांच्या टोप्या घेण्याचे नाकारले. तेथील कर्नल मिचेल याने धमकी दिली, रात्री घोडदळ आणि तोफा आणल्या, आणि शेवटी माघारही घेतली. कठोरपणा आणि दुबळेपणा यांचे एकाच रात्रीत झालेले हे दर्शन घातक ठरले. २९ मार्चच्या दुपारी बराकपुरात ३४ व्या पलटणीचा मंगल पांडे भरली बंदूक घेऊन मैदानावर आला आणि बांधवांना धर्मासाठी बाहेर पडण्याची हाक देऊ लागला. अ‍ॅड्ज्युटंट बॉ आणि सार्जंट-मेजर ह्यूसन जखमी झाले. शेख पलटू याने पांडेला धरून ठेवण्याचा यत्न केला. पहाऱ्यावरील जमादार ईश्वरीप्रसाद आणि त्याचे शिपाई मात्र हालले नाहीत. अखेर हिअर्सी आपल्या मुलांसह घोड्यावरून पुढे आला, तेव्हा पांडेने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो वाचला; ८ एप्रिल रोजी त्याला फाशी दिले गेले, आणि त्याच महिन्यात ईश्वरीप्रसादलाही.

या दिवसांतले सर्वांत विचार करावयास लावणारे दृश्य ३१ मार्चचे आहे. १९ वी पलटण बराकपुरात आणून बरखास्त करण्यात आली. हिअर्सीने हुकूम वाचला, शिपायांचा पगार चुकता केला, त्यांच्याशी सहानुभूतीने बोलला. आणि शस्त्रे गमावलेल्या त्या शिपायांनी त्याला दीर्घायुष्य चिंतिले. माणूस म्हणून त्याच्यावर त्यांचा राग नव्हता. परंतु घरी जाताना ते जी हकीकत बरोबर घेऊन गेले, ती धर्मासाठी शिक्षा भोगल्याची होती. ६ मे रोजी ३४ व्या पलटणीच्या बराकपुरातील तुकड्या बरखास्त झाल्या, आणि चारच दिवसांनी मीरत पेटले.

हकीकती कशा प्रवास करीत, याची साक्ष मराठीत आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले होते. ‘माझा प्रवास’ या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात काडतुसांची गोष्ट आहे, आणि सरकारने धर्म बुडविण्यासाठी कलमांची मोठी यादी केल्याची वदंताही आहे. दमदमच्या पाणवठ्यावरचा एक संवाद माळव्याच्या वाटेवर एका कोकणी भिक्षुकाला ऐकावयास मिळतो, यातच सारे आले. सरकारजवळ तारायंत्र होते. १८५४ पासून कलकत्त्याहून आग्र्यापर्यंत तार जात होती. परंतु तारेने हुकूम जातो, विश्वास जात नाही. तो माणसाच्या तोंडून माणसाकडे जातो.

कोणी म्हणेल की, परक्या राज्याविरुद्धचा असंतोष हेच मूळ कारण होते. तेथे भाषणांची चर्चा कशास? आक्षेप खरा आहे; पण त्यातूनच आपल्याला हवा तो बोध निघतो. शब्दांचे सामर्थ्य शब्दांत नसते. बोलणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या कृतींत असते. पॅजेटजवळ ऐकण्याची इच्छा नव्हती. हिअर्सीजवळ इच्छा होती, भाषा होती, धैर्य होते; मात्र ज्या राज्याच्या वतीने तो बोलत होता, त्याची पत उरली नव्हती. पतीवाचून लिहिलेली हुंडी अक्षर कितीही वळणदार असले तरी वटत नाही.

आज राज्य आपले आहे, आणि तरीही हा प्रश्न संपलेला नाही. प्रत्येक कचेरीत अर्ज येतात. त्यांतला एखादा बैलांच्या भाड्याविषयीचा, वरवर क्षुल्लक वाटणारा असतो. कोठेतरी टकरच्या पत्रासारखा इशारा कपाटात पडून असतो. लोकांना समजावून सांगण्याची वेळ येते तेव्हा आपण उत्तम वक्ता शोधू लागतो. त्याआधी तो अर्ज वाचला गेला होता काय, आणि ते पत्र पुढे गेले होते काय, एवढे पाहिले तर भाषणाचे निम्मे काम तेथेच होऊन जाते.