महिनाभर शिळी सूची

मंडळी, ११ सप्टेंबर २००१ आठवतोय ना? न्यूयॉर्कला सकाळ होती, आपल्याकडे संध्याकाळ. लोक गूगलवर ट्विन टॉवर्सबद्दल शोधू लागले आणि निकालांत हल्ल्याचा मागमूसही नाही! कारण गूगलकडची पाने महिनाभरापूर्वी गोळा केलेली. शेवटी गूगलने आपल्या मुख्य पानावर सरळ लिहिले, की ताज्या बातम्या टीव्ही-रेडिओवर मिळतील. खाली वृत्तस्थळांचे दुवे दिले. मला तर हा प्रामाणिकपणा आवडला.

आपण शोधतो तेव्हा गूगल काही सगळे इंटरनेट धुंडाळत नाही. जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कुठल्या पानावर याची सूची असते ना, तशी सूची आधीच करून ठेवलेली असते. १९९९ मध्ये सुमारे पाच कोटी पानांची सूची करायला महिना लागे. नवी सूची एकेका डेटा सेंटरवर चढेपर्यंत निकाल काही दिवस वरखाली होत. वेबसाइटवाले त्याला 'गूगल डान्स' म्हणत. पण तेव्हा हे चालून जाई, कारण लोक तिथे वाचनालयात यावे तसे येत, बातमीसाठी नव्हे.

मग नवी पाने तेवढीच का घालायची नाहीत? मेख इथेच आहे. नवे पान आले की त्यातले दुवे ज्या पानांकडे जातात, त्यांचे वजन बदलते. तोच मजकूर दुसरीकडेही असला, तर कुठली प्रत दाखवायची ते पुन्हा ठरवावे लागते. म्हणून सगळेच पुन्हा मोजायचे. दिवाळीची साफसफाई म्हणा ना, एक डबा घासायचा म्हणून सगळी मांडणी रिकामी!

हल्ल्यानंतर गूगलमधल्या कृष्ण भरत यांनी (हे आयआयटी मद्रासचे) बातम्या आपोआप गोळा करून लावणारी व्यवस्था बांधली. तीच सप्टेंबर २००२ मध्ये 'गूगल न्यूज' म्हणून आली. २००३ पासून मूळ सूचीही रोज थोडीथोडी बदलू लागली. तरी तिचा मुख्य थर दोनेक आठवड्यांनीच नवा होई.

खरा तोडगा निघाला जून २०१० मध्ये. नाव 'कॅफीन', आणि त्यामागची यंत्रणा 'पर्कोलेटर' (कॉफीवाल्यांनीच बारसे केलेले दिसते!). पान आले की त्याच्याशी संबंधित हिशेब तेवढे बदलायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. निकालांतल्या पानांचे सरासरी वय निम्म्यावर आले. फुकट नव्हे हं. डॅनियल पेंग आणि फ्रँक डॅबेक यांनी त्याच वर्षीच्या शोधनिबंधात खर्चही मांडलाय: तेवढीच पाने हाताळायला सुरुवातीला जवळपास दुप्पट संगणकबळ लागत होते.