फातिमाबींची साक्ष



२०२५ च्या जानेवारीत नववीच्या एका मुलीने मला विचारले, "सर, फातिमा शेख खरोखर होत्या का हो?" पत्रकार दिलीप मंडल यांनी त्याच महिन्यात जाहीर केले होते की, हे पात्र आपणच रचले. ते विधान घरोघरच्या मोबाईलवर पोहोचले होते. ज्या शिक्षिकेचे नाव घेऊन आपण आपल्या मुलींना शिकण्यास उत्तेजन देतो, ती शिक्षिकाच काल्पनिक ठरली तर मुलींना काय सांगावे?

डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेला 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यात सावित्रीबाईंचे १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र छापलेले आहे. आजारपणामुळे त्या माहेरी नायगावी राहिल्या होत्या. (हे सातारा जिल्ह्यातील नायगाव, शोध घेताना आपले दादरचे नायगाव समोर आले तर फसू नका!) पुण्यास जोतीरावांना लिहिताना त्यांना फातिमाची काळजी वाटते: तिच्यावर किती भार पडला असेल, आणि ती तर तोंडातून शब्द काढणारी नव्हे. शाळेच्या कामातील सोबतिणीविषयीच ही आस्था असावी, असे मी समजतो. घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी छापलेले हे नाव अलीकडे कोणी रचले, हे कसे मानावे?

मात्र हेच पत्र आपल्यालाही आवरते. त्यात केवळ 'फातिमा' एवढेच नाव आहे. आडनाव नाही, जन्मतारीखही नाही. तरी ९ जानेवारी २०२२ रोजी गूगलने त्यांच्या १९१ व्या जन्मदिनाचे चित्र झळकवले. मीदेखील ती तारीख रंगीत खडूने फळ्यावर लिहिली. कोठून आली, हे विचारले नाही.

वास्तविक ही विचारणा आपल्याला नवी नाही. हदीस स्वीकारण्यापूर्वी ती कोणी कोणाकडून ऐकली, ती साखळी, म्हणजे इस्नाद, आपले उलेमा तपासत आले. संकेतस्थळावरील मजकुरालाही तोच प्रश्न करावा: लिहिणारा कोण, केव्हा लिहिले, कशाच्या आधारे? वीस ठिकाणी एकच वाक्य आढळले आणि ते सर्वांनी एकमेकांचे उतरवलेले असले, तर साक्षीदार एकच. खुद्द माळींचा ग्रंथही छापील प्रत आहे, हस्तलिखित नव्हे, हे टिपून ठेवावे.

साहित्य संस्कृती मंडळाचे कार्यालय परळ-दादरच्या मधोमध, प्रभादेवीस आहे. मंडळाची पुष्कळ पुस्तके त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. लालबागहून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर हे भांडार असताना आपली मुले पाठवलेल्या निरोपांवरून भाषणे लिहितात, याचे मला वाईट वाटते.

पुढच्या जानेवारीत मी फळ्यावर नाव लिहिले, पत्राची तारीख लिहिली, ग्रंथ आणि त्याचे साल लिहिले. त्याच मुलीने विचारले, "आणि जन्म, सर?" ती जागा मी कोरी ठेवली होती.