भाड्याची गाडी आणि परका मुलूख : सोलापूरच्या सीमेवरील कौटुंबिक प्रवासाचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना

सोलापूर शहराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी गिरण्या, कामगार चळवळ, १९३० चा मार्शल लॉ आणि यंत्रमाग यांविषयी विपुल लेखन केले आहे. या शहरातील माणूस आपले कुटुंब घेऊन शहराबाहेर कसा जात असे, वाहन कोणाचे असे, भाडे कोणत्या नाण्यात दिले जाई आणि वाटेत काही अघटित घडल्यास दाद कोणाकडे मागता येई, हे प्रश्न मात्र स्थानिक इतिहासलेखनात जवळजवळ अस्पर्शित राहिले आहेत. आज येथील प्राध्यापक, डॉक्टर आणि उद्योजक कुटुंबे इंग्लंड, युरोप किंवा ऑस्ट्रेलियात जातात, यात्रा-कंपनीच्या गटात न जाता विमानतळावरच मोटार भाड्याने घेतात आणि स्वतः चालवत फिरतात. ही गोष्ट नव्या शतकाची नवलाई समजली जाते. प्रस्तुत लेखकाचे मत थोडे वेगळे आहे. परक्या राज्यात, परक्या कायद्याखाली, परक्या चलनाचा हिशेब करत, भाड्याच्या वाहनाने कुटुंबासह जाणे हा सोलापूरकरांचा जुना अनुभव होय. १९४८ पर्यंत त्यासाठी समुद्र ओलांडण्याची आवश्यकता नव्हती. तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडीपर्यंत गेले तरी पुरे होते.

मोगलाईची सीमा

सोलापूर हा मुंबई इलाख्यातील जिल्हा. त्याच्या पूर्वेस आणि ईशान्येस निजामाचे राज्य होते. सोलापूरकरांच्या बोलीत त्यास ‘मोगलाई’ म्हणत. वृद्ध मंडळींच्या तोंडी हा शब्द अद्यापही येतो. महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांची कुलस्वामिनी असलेली तुळजाभवानी सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, परंतु निजामाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात. दत्तसंप्रदायाचे गाणगापूर निजामाच्याच गुलबर्गा जिल्ह्यात. अक्कलकोट हे भोसल्यांचे संस्थान. सोलापूरच्या एखाद्या कुटुंबाने नवस फेडण्यासाठी ही तीन स्थाने करायची म्हटली, तर त्यास ब्रिटिश हद्दीतून निघून दोन निराळ्या राज्यांत पाऊल ठेवावे लागे. पंढरपूर तेवढे स्वराज्यात, म्हणजे तत्कालीन अर्थाने इंग्रजांच्या राज्यात होते.

ही सीमा नेहमीच स्थिर होती असेही नाही. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेशही कंपनी सरकारकडे सोपविला. तेथील कारभार कर्नल मेडोज टेलर याच्याकडे होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी (१८६३) लिहिणारा तोच हा टेलर. १८६० मध्ये हा प्रदेश निजामास परत देण्यात आला. म्हणजे सात वर्षे तुळजापूरची यात्रा सोलापूरकरांसाठी एकाच सत्तेखाली झाली आणि नंतर पुन्हा ती ‘परमुलखा’तील यात्रा ठरली. देवी होती तेथेच होती. राज्य मात्र दोनदा बदलले.

निजामाचे राज्य हे केवळ नकाशावरील परके राज्य नव्हते. त्याचे स्वतःचे चलन होते. हाली सिक्क्याचे ७ रुपये म्हणजे इंग्रजी कल्दार ६ रुपये, असा स्थूल हिशेब होता. त्याचे स्वतःचे जकात खाते होते. सीमेवर करोडगिरीचे नाके असत आणि आयात-निर्यातीच्या मालावर सर्वसाधारणपणे शेकडा ५ जकात घेतली जाई. देवीची ओटी, नवी लुगडी, भांडी असा जामानिमा घेऊन निघालेल्या कुटुंबास घरचे सामान आणि व्यापारी माल यांतील फरक नाक्यावर पटवून द्यावा लागणे स्वाभाविक होते. गाडीचे भाडे ठरविताना ‘कल्दार की हाली’ हे आधी स्पष्ट करून घेणे शहाणपणाचे होते. जाण्याचे भाडे एका नाण्यात आणि परतीचे दुसऱ्यात, असा घोळ झाल्यास रुपयामागे अडीच आण्यांच्या आसपास फरक पडे. आज युरो आणि रुपया यांच्या दरात जे कुटुंब चाचपडते, त्याच्या पणजोबांना हा हिशेब तोंडपाठ असावा.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. ‘परमुलूख’ हा शब्द सोलापुरातील सर्वांसाठी सारख्या अर्थाचा नव्हता. तेलंगणातून, म्हणजे निजामाच्याच राज्यातून, पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने या शहरात येऊन वसले. सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाल्यानंतर या ओघास आणखी बळ मिळाले. या कुटुंबांच्या दृष्टीने सीमेपलीकडचा मुलूख परका नव्हता. ते त्यांचे गाव, त्यांचे माहेर होते. एकाच रस्त्याने एक कुटुंब परदेशी जात असे आणि दुसरे घरी जात असे. सोलापूरचा इतिहास केवळ मराठी साधनांवरून लिहिणाऱ्यांनी, यात प्रस्तुत लेखकही आला, हे ध्यानी ठेवावयास हवे.

रेल्वे आणि बैलगाडी : दोन प्रकारचे प्रवासी

जी.आय.पी. रेल्वे १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली आणि १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेली. रेल्वेने प्रवास सुलभ केला हे सर्वश्रुत आहे. तिचा एक कायदेशीर परिणाम मात्र क्वचितच सांगितला जातो. निजामाच्या प्रदेशातून गेलेल्या या लोहमार्गाच्या जमिनीवरील अधिकारक्षेत्र निजामाने ब्रिटिश सरकारकडे दिलेले होते. त्यामुळे सोलापूरहून गाणगापूर रोड स्थानकापर्यंत जाणारा प्रवासी भूगोलाने मोगलाईत शिरला तरी कायद्याने ब्रिटिश अमलातच राहत असे. फलाटावरून उतरून त्याने गाणगापूरसाठी बैलगाडी किंवा टांगा ठरविला, की सुमारे २० किलोमीटरच्या त्या वाटेवर तो खऱ्या अर्थाने परराज्यात येई. सीमा स्थानकाच्या दारात होती, असे म्हणता येईल. तुळजापूरला तर रेल्वेच नव्हती. सोलापुरातून निघतानाच गाडी ठरवावी लागे.

ही गाडी म्हणजे सामान्यांसाठी साधी बैलगाडी, ऐपतदार घरातील स्त्रियांसाठी छत घातलेली दमणी, आणि पुढे टांगा. बैलांच्या चालीने ४५ किलोमीटर एका दमात होणारे अंतर नव्हे; साधारणतः वाटेत एक मुक्काम पडे. लेकुरवाळ्या स्त्रिया, म्हातारी माणसे, शिधा आणि अंथरूण-पांघरूण यांसह निघालेले हे कुटुंब पूर्णतः गाडीवानावर विसंबून असे. त्याला वाट ठाऊक, पाणवठे ठाऊक, नाक्यावरील माणसे ठाऊक आणि मराठीबरोबर कन्नड, दखनी या भाषांची समज. करार तोंडी असे. गाडीवान आपल्या पेठेतला, ओळखीतला असणे हीच या कराराची खरी हमी होती.

१८७२ चा कायदा काय म्हणतो?

याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात भाड्याच्या वाहनाविषयी एक लेखी कायदा अस्तित्वात आला होता, आणि तो आजही अमलात आहे. १८७२ च्या करार अधिनियमातील कलम १५० नुसार भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे नुकसान झाल्यास, तो दोष मालकास ठाऊक असो वा नसो, जबाबदारी मालकाची असते. या कलमाचे स्पष्टीकरण करण्यासाठी कायदेकर्त्यांनी घेतलेले उदाहरण नेमके भाड्याच्या गाडीचे आहे. एकाने दुसऱ्याकडून गाडी भाड्याने घेतली, गाडी असुरक्षित निघाली, मालकास त्याची कल्पना नव्हती, तरी घेणाऱ्यास झालेल्या इजेस मालकच जबाबदार. त्यापुढील दोन कलमांत घेणाऱ्याचे कर्तव्य सांगितले आहे. सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यावी. तेवढी घेतल्यावरही वस्तूची हानी झाली तर तो जबाबदार नाही. मात्र येथे एक अट जोडलेली आहे, ती म्हणजे वेगळा विशेष करार केलेला नसेल तरच. ही अट वाचकांनी लक्षात ठेवावी.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. सोलापूरच्या पेठेत ठरलेल्या गाडीचे चाक तामलवाडीच्या अलीकडे मोडले तर एक कायदा, पलीकडे मोडले तर दुसऱ्या राज्याची न्यायालये. १८६७ मध्ये दोन्ही सरकारांत गुन्हेगारांच्या प्रत्यर्पणाचा करार झाला होता. पण मोडलेल्या चाकासाठी कोणी प्रत्यर्पण मागत नसते. कागदावर एवढा चांगला कायदा असूनही यात्रेकरू कुटुंबाने ओळखीच्या गाडीवानाचीच हमी श्रेष्ठ मानली, यात अडाणीपणा नव्हता. सीमेपलीकडे टिकणारी तेवढी एकच हमी होती.

मोटार, परवाना आणि सीमेचा लोप

मोटारी आल्यावर राज्यसंस्थेचा या व्यवहारातील हस्तक्षेप वाढला. १९१४ च्या मोटार वाहन अधिनियमाने नोंदणी आणि चालकाचा परवाना आवश्यक केला. १९३२ मध्ये निजाम सरकारने आपल्या रेल्वे खात्यामार्फत २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. १९३९ च्या अधिनियमाने संपूर्ण वाहन एका कराराने भाड्याने देणे आणि टप्प्याटप्प्याने उतारू घेणे यांत कायदेशीर भेद केला. आपल्याकडील ‘वडाप’ हा शब्द ज्या व्यवहाराचा आहे, तो याच भेदाच्या फटीत वाढला. त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून.

आणि मग दोन वर्षांत सीमाच गेली. १९४७-४८ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवर स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. रझाकारांच्या भयाने पलीकडून कुटुंबे येत होती. यात्रेच्या गाड्या जेथून जात, तेथून निर्वासितांच्या गाड्या उलट दिशेने येऊ लागल्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या अधिपत्याखालील भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहूनच निघाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग येथे बोरी नदीवरील पूल तिने हस्तगत केला. पाच दिवसांत कारवाई संपली. १९५६ मध्ये उस्मानाबाद जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि तुळजापूर अखेर ‘शेजारच्या जिल्ह्यात’ गेले. गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेल्याने गाणगापूर मात्र राज्यसीमेपलीकडेच राहिले.

समुद्रापलीकडची भाड्याची मोटार

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ ‘परदेशी कुटुंबासह स्वतंत्रपणे फिरणे’ ही कल्पनाच मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होती, त्यास मुख्य कारण परकीय चलन. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याचा काळ सर्वांना आठवतो. १९९९ चा ‘फेमा’ आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रतिवर्षी २५,००० डॉलरच्या मर्यादेने आणलेली उदारीकृत प्रेषण योजना (आजची मर्यादा २,५०,००० डॉलर) यांनी ती अडचण दूर केली. रस्त्यावरील परवान्याची तरतूद मात्र त्यापूर्वीच झालेली होती. १९४९ च्या जिनिव्हा रस्ते-वाहतूक करारात भारत १९६२ मध्ये सामील झाला. आपल्याकडील प्रादेशिक परिवहन कार्यालयाने, म्हणजे बोलीतल्या ‘आरटीओ’ने, दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना याच करारातून आला आहे. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाचे कुटुंब नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असलेल्या बहिणीकडे गेले असता तेथे आठवडाभर मोटार भाड्याने घेतली. वाहतूक डावीकडूनच असल्याने चालविण्याची धास्ती नव्हती. धास्ती होती ती कराराच्या बारीक अक्षरांची. परतीच्या वाटेवर पुढच्या काचेवर खडा उडून तडा गेला आणि विमा असूनही काचेचा खर्च अनामतीतून कापला गेला. काच आणि टायर विम्यात येत नाहीत, हे कलम करारात होते. आम्ही ते वाचले नव्हते. ‘आपली काय चूक?’ हा आईचा प्रश्न १८७२ च्या कायद्याच्या भाषेत अगदी बिनतोड होता. विवेकी माणसाएवढी काळजी आम्ही घेतली होती. पण तेथला कायदा निराळा, आणि हाती होता तो नेमका ‘विशेष करार’. जुन्या कलमात अपवाद म्हणून ठेवलेली गोष्ट आता सर्रास नियम झाली असून गाडी सुस्थितीत असल्याची नोंद आणि तिच्या हानीचा भार, दोन्ही भाडेकरूच्या सहीने त्याच्यावरच जातात.

आणखी एक बदल सामाजिक स्वरूपाचा आहे. दमणीच्या काळी कासरा हाती धरणे हे कुटुंबप्रमुखाचे काम नव्हते. ते हलके मानले जाई. आज परदेशात चाक हाती धरण्यात प्रतिष्ठा आहे, आणि दुसरी चालक म्हणून पत्नीचे नाव घालण्यासाठी वेगळे शुल्क भरणारी जोडपी आमच्याच सहकाऱ्यांत आहेत. पडद्याच्या दमणीत बसलेल्या आजेसासूचा विचार केला, तर हे अंतर इंग्लंडपेक्षा लांबचे आहे.

देशांतर्गत व्यवहार मात्र या दोन टोकांच्या मध्ये अडकला आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाखाली १९८९ मध्ये मोटारी स्वतः चालविण्यास भाड्याने देण्याची योजना आली. तिच्यात मालकाकडे किमान ५० गाड्या असण्याची अट होती. सोलापूरसारख्या शहरातील एकदोन गाड्यांच्या मालकास ती पेलणारी नव्हती. परिणामी अजूनही पौर्णिमेस गाणगापूरला निघालेली कुटुंबे ओळखीच्या माणसाकडून पांढऱ्या नंबरपट्टीची खासगी गाडी ‘पेट्रोल आणि वर काही’ या बोलीवर घेतात. खासगी मोटारीच्या विमापत्रात भाड्याने वापर वर्ज्य असतो. अपघात झाल्यास विमा कंपनी दायित्व नाकारू शकते, म्हणून भाडे घेतल्याचे मालक नाकारतो आणि दिल्याचे कुटुंबही नाकारते. कलम १५० अशा वेळी कुटुंबाच्या बाजूने उभे राहू शकले असते. परंतु गाडी भाड्याने दिली होती हे सांगणारे कोणीच न्यायालयापुढे उरत नाही.