मोडशी, पेज आणि मीठ-साखरेचे पाणी

सन 1563 मध्ये गोव्याच्या छापखान्यातून एक पोर्तुगीज ग्रंथ बाहेर पडला. ग्रंथकर्ता गार्सिया द ओर्ता हा वैद्य 1534 साली गोव्यास आला आणि 1568 साली तेथेच मरण पावला. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीच्या या संवादरूप ग्रंथात पटकीचे वर्णन आहे. क्षीण नाडी, थंडगार अंग, खोल गेलेले डोळे, न शमणारी तहान आणि पायांत येणारे गोळे ही सारी लक्षणे त्याने रोग्यांपाशी बसून टिपली. रोगाचे नावही त्याने इथल्याच लोकांच्या तोंडून घेतले. ते नाव म्हणजे आपली ‘मोडशी’. युरोपात जाता जाता या शब्दाचे असे रूपांतर झाले की, फ्रेंच कानांना त्यात ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ ऐकू येऊ लागला. रोगाचे स्वरूप पाहता तो अर्थ अगदीच चुकीचा वाटला नसावा.

स्थानिक वैद्यांचे उपायही ओर्ताने नोंदविले आहेत. ते रोग्याला मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज पाजीत. त्याचबरोबर पायांना डागही देत. एकाच परंपरेत हे दोन्ही उपाय शेजारी शेजारी नांदत होते. त्यांतला तारक कोणता आणि निव्वळ यातना देणारा कोणता, हे ठरविण्याचे साधन तेव्हा कोणाहीपाशी नव्हते.

पुढे युरोपचे वैद्यकही काही फार शहाणे ठरले नाही. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या रोग्याचे रक्त काढीत आणि त्याला पाऱ्याचे रेचक देत. ज्याच्या देहातले पाणी आधीच आटत चालले आहे, त्याला आणखी शुष्क करण्याचाच हा प्रकार होता! 1831-32 च्या साथीत ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासून दाखविले की, त्यातील पाणी आणि क्षार कमी झाले आहेत. हेच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जनक म्हणून प्रसिद्धीस आले. लगोलग 1832 मध्ये स्कॉटलंडात टॉमस लाटा यांनी शिरेतून क्षारजल देऊन काही रोगी वाचविले. परंतु ही वाट लवकरच विसरली गेली.

रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कलकत्त्यात पटकीचा जंतू निश्चित केला. मात्र तो जंतू माणसाला मारतो कसा, हे कोडे उरलेच. ते सोडविले कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी. 1959 मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात घातला. जंतू नसतानाही तो भाग पाण्याने भरून आला. आतडे कुजत नाही. जंतूने सोडलेल्या विषामुळे ते पाणी बाहेर टाकू लागते, हे सिद्ध झाले. अशा पुरुषाला हयातीत स्वदेशी मानसन्मान फारसे लाभले नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

आतडे शाबूत असेल, तर ते पाणी शोषूनही घेऊ शकेल. साखर आणि मीठ एकत्र दिले असता आतडे दोन्ही शोषते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते, हे साठीच्या दशकातील संशोधनाने दाखविले. 1968 मध्ये ढाक्यात रोग्यांवर त्याची परीक्षा झाली.

खरी कसोटी लागली ती 1971 साली. पूर्व बंगालचे निर्वासित बनगावच्या छावणीत लोटले, पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे क्षारजल संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपे भरून ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी ठेविले. आया, बाप, भाऊ यांनीच ते आपल्या माणसांना पेल्यापेल्याने पाजले. शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा 3.6 वर आले. महालनबीस 2022 मध्ये निवर्तले. पद्मविभूषण त्यांना 2023 साली मरणोत्तर मिळाले.

पुढे तांदळापासून केलेले क्षारजलही पटकीत गुणकारी ठरले. म्हणून जुन्या वैद्यांना सर्व काही ठाऊक होते, असे म्हणणे योग्य नव्हे. पेजेत मिठाचे प्रमाण त्यांनी बांधले नव्हते, आणि डागणीवरही त्यांचा तितकाच विश्वास होता. परंपरेने पेज आणि डाग दोन्ही जपून ठेविले. त्यांतली पेज निवडून घेण्यास चार शतकांची परीक्षा लागली, आणि त्या काळात अगणित माणसे पाण्यावाचून तडफडत गेली.